बत्ती न लावता बदललेली रीळ

प्रभाकरराव वाघमाऱ्यांसारखा भित्रा माणूस सगळ्या सिंदी मेघेत धुंडाळून सापडला नसता. आडनाव पाहा आणि माणूस पाहा! पाल चुकचुकली तरी दचकायचे. तारवाला गल्लीत शिरला की तार कुणाचीही असो, घाम हे पुसायचे. समोरून पोलीस शिपाई आला तर रस्ता ओलांडून पलीकडं जायचे, आणि पलीकडं दुसरा शिपाई उभा असला तर मग विचारूच नका. अशा माणसानं सिनेमा काढायची कंपनी उघडावी, आणि ती पण ख्रिस्ती सिनेमाची! त्यांची बायको सुलोचनाबाई म्हणायची, "देवाले बी कधी कधी गंमत सुचते."

तसे ते मिशनच्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या काळ्या खोलीत कामाला होते. वीस वर्षं अंधारात फिल्मा धुतल्या, त्यामुळं बोटांनाच डोळे फुटले होते. बाहत्तर साली एक म्हातारे परदेशी पाद्री मायदेशी परत निघाले, तेव्हा चावीचा एक सोळा एमएमचा कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर त्यांच्या ओट्यावर ठेवून गेले. "याचं काहीतरी चांगलं कर," एवढंच म्हणाले. झालं. दोन खोल्यांच्या घरावर पाटी चढली: 'उजेड चित्र'. मालक, कॅमेरामन आणि हमाल प्रभाकरराव. कपडे शिवणं, नटांना जेवू घालणं आणि झाडून साऱ्यांचे आवाज काढणं सुलोचनाबाईकडं.

आवाजाचं सांगायलाच हवं. फिल्म मुकी असायची. आवाज भरणं यांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून पडद्याच्या कडेला भोंग्याचा माईक घेऊन सुलोचनाबाई बसायची आणि बाप, पोरगा, सावकार, डुकरं, सगळ्यांचं तीच बोलायची. गोंडांच्या गावात तिच्याशेजारी धुरपताबाई आत्राम. ही दवाखान्यात आया होती, दोन पिढ्यांची ख्रिस्ती गोंडीण, आवाज खणखणीत. सुलोचनाबाईचं मराठी झालं की तेच ती गोंडीतून सांगायची.

त्यांचा मोठा सिनेमा म्हणजे घर सोडून गेलेल्या पोराचा. गोष्ट येशूनं सांगितलेली, पण प्रभाकररावांनी ती आर्वीच्या बाजारात आणून बसवली. सदू नावाचा पोरगा बापाकडून वाटणी मागतो, एसटीनं शहरात जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते. ही पहिली रीळ. दुसऱ्या रिळात तो परत येतो, म्हातारा बाप धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धावत सुटतो, आणि मग गावपंगत. चार वर्षं लागली हो! बाप झालेले पुंडलिकराव पेन्शनर, त्यांना कॅमेरा सुरू झाला की शिंका यायच्या. फिल्म घरीच धुवायची, रहाटासारख्या लाकडी चौकटीवर गुंडाळून, मोरीतल्या हौदात. आणि जी फिल्म कॅमेऱ्यात घातली तीच धुवून पडद्यावर चालायची, दुसरी प्रत नाही. ओरखडा पडला तर तो जन्माचा. सिनेमा पुरा झाला आणि दोन महिन्यांत पुंडलिकराव वारले. आता ते धावताना दिसायचे ते फक्त त्या दुसऱ्या रिळात. प्रभाकरराव ती रीळ उशाशी घेऊन निजायचे, ही काही थट्टा नाही.

एक चूक मात्र झाली होती. सेन्सॉरचा कागद त्यांनी कधी काढलाच नाही. मुकी फिल्म, वरून तोंडानं सांगायचं, म्हणजे हा सिनेमा नव्हेच, ही कथा झाली, अशी त्यांची मनापासून समजूत. "कीर्तनाले कोण कागद मागते?" असं ते चर्चच्या पाद्रीबुवांनाही ऐकवायचे. भित्रा माणूस नेमकं जिथं भ्यायचं तिथं भीत नाही, त्यातली गत.

शहात्तरचा हिवाळा आला. आणीबाणी होती, आणि खेड्यापाड्यांत एकाच गोष्टीची धास्ती होती: नसबंदीची गाडी. लांबून इंजिनाची घरघर ऐकू आली की गडीमाणसं ताटावरून उठून जंगलात पळायची. गावात उरायच्या बाया, पोरं आणि म्हातारे. कुठं म्हणे औषध वाटतो म्हणून माणसं गोळा केली, कुठं सिनेमा दाखवतो म्हणून. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण 'उजेड चित्र'ची भाड्याची मेटॅडोर त्या गाडीसारखीच पांढरी होती, आणि ती दिसली की गावं ओस पडायची. तीन गावांतून त्यांना तसंच परत यावं लागलं.

चौथं गाव चिचझरी, आर्वीच्या पलीकडं जंगलात, धुरपताच्या मामाचं. ती दोन दिवस आधी पायी गेली आणि घरोघर सांगून आली, "ही ते गाडी नोहे. माहा शब्द हाय." तिचा शब्द म्हणून माणसं थांबली. तिचा मामेभाऊ जंगू सगळ्यांत पुढं होता. पंचविशीचा गडी, लग्नाला दीड वर्ष झालेलं, अजून पाळणा हलला नव्हता. पडद्याच्या काठ्या त्यानंच रोवल्या आणि प्रभाकररावांना पितळेच्या गडव्यात पाणी आणून दिलं.

दुपारी प्रभाकरराव शाळेच्या मागं सावलीत प्रोजेक्टरचं मशीन पुसत बसले होते, तेव्हा एक साहेब आला. कुठल्या खात्याचा ते त्यानं सांगितलं नाही आणि यांची विचारायची छाती झाली नाही. पायांत चकचकीत बूट, बोलणं गोड.

"वाघमारे, तुमच्या फिल्मचं सर्टिफिकेट बघू."

"साहेब, ते... मुकी आहे. आम्ही तोंडानं सांगतो."

"म्हणजे नाही." साहेब हसला. "यासाठी आत जाता येतं, माहीत आहे? आणि सध्या आत गेलेला माणूस बाहेर कधी येईल, हे कोर्टालाही विचारता येत नाही. बायको आहे ना बरोबर?"

साहेबानं मग सगळं समजावून सांगितलं, जसं लहान मुलाला सांगतात. पहिली रीळ संपली की तुम्ही नेहमी पेट्रोमॅक्स पेटवता, तशीच पेटवायची. आमची गाडी आमराईत उभी राहील. बत्ती दिसली की माणसं फाटकाशी येतील. शाळेला काटेरी कुंपण आहे, बाकीचं आम्ही बघू. तुमचा कागदाचा विषय मग कुणी काढणार नाही.

"बत्ती तेवढी लावायची. जमेल ना?"

"हो साहेब," प्रभाकरराव म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. सुलोचनाला सांगावं असं मनात आलं, पण ती तोंडाची फटकळ, साहेबाच्या अंगावर जाईल आणि मग दोघंही आत. नाही सांगितलं.

दिवस बुडता बुडता धुरपता नाल्यावरून पाण्याची घागर घेऊन आली. थेट यांच्यापुढं उभी राहिली.

"बाबूजी, आमराईत एक गाडी उभी हाय. पडदे लावून. चार माणसं बिड्या पिऊन राह्यली. काऊन उभी हाय ते?"

"मले नाई माहीत," प्रभाकरराव म्हणाले.

ती क्षणभर त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली आणि घागर घेऊन गेली. प्रभाकररावांना वाटलं, आत्ता जमीन फाटावी. जमीन काही फाटली नाही.

अंधार पडला. दोनशे माणूस जमलं. मशीनच्या उजव्या हाताला शाळेतली एकुलती एक खुर्ची होती, तिच्यावर साहेब बसला. पडदा सुरू झाला, सुलोचनाबाईनं आवाज लावला. माणसं हसली, सदू एसटीच्या टपावर चढला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्रभाकररावांना काही ऐकू येत नव्हतं. ते नुसते रिळाकडं पाहत होते. वरच्या चाकावरची फिल्म पातळ होत चालली होती. ती संपली की बत्ती.

पडद्यावर सदू डुकरांत बसला. सुलोचनाबाईचं मराठी झालं. मग धुरपतानं माईक ओढला आणि गोंडी सुरू केलं.

प्रभाकररावांना गोंडी येत नव्हती. पण ऐंशी खेळ झाले होते, धुरपता कुठं किती बोलते ते त्यांना पाठ होतं. इथं तिची चार वाक्यं असायची. आज ती थांबेचना. रडका सूर तोच, सदूच्याच तोंडचा, आणि त्यात मध्येच "जंगू." मग "मंगरू." मग आणखी एक नाव, आणि आणखी एक. सिनेमात जंगू नव्हता. मंगरूही नव्हता. सिनेमात एकटा सदू आणि अकरा डुकरं होती.

मेलो, ते मनात म्हणाले. या बाईनं मारलं.

पुढच्या रांगेतला जंगू उठला आणि पडद्यामागं गेला. मग दुसरा, मग तिघं.

"तिकडं कुठं चालले?" साहेबानं विचारलं.

"प... पडद्यामागून पाहतात साहेब. गावाकडं तशी रीतच आहे. तिकडूनही दिसतं, फक्त उलटं दिसतं."

हे खरंच होतं. गर्दी झाली की निम्मं गाव मागून पाहायचं. फक्त चिचझरीत पडद्यामागं शाळेचं कुंपण मोडलेलं होतं, आणि त्याच्या खाली नाला होता. पण उठायची माणसं पुष्कळ होती. माणसं दोन-दोन, तीन-तीन करत उठत होती, घाई न करता, जसं कुणी लघवीला उठावं. अजून चाळीस-पन्नास तरी बसलेले होते, आणि वरच्या चाकावर फिल्मचे शेवटचे चार वेढे उरले होते.

फडफड झाली. रीळ संपली. सवयीनं त्यांनी मशीनचा दिवा घालवला. पडदा काळा.

"बत्ती," साहेब म्हणाला.

प्रभाकररावांच्या हातात काड्यापेटी होती. ऐका, शूरबिर काही नाही. पायजमा ओला होतो की काय असं झालं होतं. काडी ओढायचं बळच बोटांत नव्हतं. आणि त्या भीतीतच त्यांच्या तोंडून निघालं, "साहेब, आत्ता बत्ती लावली तर लोक चहाला पांगतात. दुसऱ्या रिळाच्या शेवटी पंगत आहे. तेव्हा सगळे पुढं सरकून बसतात. एकही हलत नाही."

साहेबानं फाटकाकडं मान वळवून पाहिलं. मग म्हणाला, "लवकर करा."

काळ्या खोलीत वीस वर्षं घालवलेला माणूस, अंधारात रीळ लावणं म्हणजे हातचा मळ. पण आज कान पडद्यामागच्या पावलांकडं होते. दुसरी रीळ त्यांनी चाकावर चढवली, फिल्म दात्यांवरून ओढली, दार लावलं, बटण दाबलं. चित्र आलं आणि त्याच क्षणी कडकड असा बारीक आवाज आला. तो आवाज त्यांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता. दात्यांखाली फिल्मला एक सैल वेटोळं ठेवावं लागतं. ते राहिलं नव्हतं. मशीन फिल्मची भोकं फाडत चाललं होतं.

यावर उपाय सोपा: मशीन थांबवायचं, बत्ती लावायची, वेटोळं नीट करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि तशी सवय इतकी की त्यांचा हात बटणावर गेलासुद्धा.

पडद्यावर पुंडलिकराव धुऱ्यावर उभे होते, डोळ्यांवर हात धरून. चित्र वरखाली उडत होतं. पडद्याच्या उजेडात प्रभाकररावांना अजून उठणारी माणसं दिसत होती. पाठी वाकवून, एकेक. हातातून खाली फिल्म सुटत होती, आणि तिच्या कडेला बोट लावलं की भोकांच्या जागी नुसता चिरा लागत होता. चार वर्षं. पुंडलिकरावांच्या शिंका. मोरीतला हौद. दुसरी प्रत नाही.

त्यांनी हात बटणावरून काढून घेतला आणि ते रडू लागले. तोंडातून आवाज निघू नये म्हणून उपरणं दातांत धरलं.

"हे असं का नाचतंय?" साहेब वैतागला.

"म्हातारा धावतो आहे साहेब," प्रभाकरराव कसेबसे म्हणाले.

पाव तास ते मशीन फाडत राहिलं. सुलोचनाबाईनं त्या उड्या मारणाऱ्या चित्रावर शेवटपर्यंत आवाज धरून ठेवला, एकदाही चुकली नाही; धुरपता मात्र माणसांमागोमाग नाल्याकडं उतरली होती, गोंडीतून सांगायला कुणी नव्हतं. पंगतीचं शेवटचं चित्र उडून गेलं, पडदा पांढरा झाला आणि साहेबानं स्वतःच बत्ती पेटवली. फाटकातून माणसं धावत आत आली. मैदानात बाया होत्या, पेंगुळलेली पोरं होती आणि नऊ म्हातारे.

साहेबानं प्रभाकररावांच्या कानाखाली वाजवली, तीही सुलोचनाबाईच्या देखत. मग पोलीस ठाणं. "ती बाई काय बोलली?" हे पोलीस त्यांना एकोणीस दिवस विचारत होते. कधी दरडावून, कधी गोडीनं, कधी रात्रभर उभं करून. प्रभाकरराव प्रत्येक वेळी थरथर कापायचे, प्रत्येक वेळी हात जोडायचे, आणि प्रत्येक वेळी एकच सांगायचे.

"मले नाई माहीत, साहेब."

गोंडी येत नाही हे तर खरंच होतं. विसाव्या दिवशी कागद नसल्याचा दंड करून सोडून दिलं.

आणीबाणी उठली. जप्त झालेलं मशीन परत मिळालं. 'उजेड चित्र' पुन्हा चालू झालं, या खेपेला कागद काढून, छोट्या छोट्या फिल्मा घेऊन. पण चिचझरीला प्रभाकरराव गेले नाहीत. पाच वर्षं त्या रस्त्याचं नाव काढलं नाही. त्यांना तिथं पोलिसाचं भय नव्हतं. त्या दुपारच्या 'हो साहेब'चं होतं.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात धुरपता जंगूला घेऊन सिंदी मेघेला आली. जंगूच्या कडेवर तीन वर्षांची पोरगी होती. पाणी पिऊन झालं आणि त्यानं विचारलं, "बाबूजी, त्या पोराचं पुढं काय झालं?"

"कोणत्या पोराचं?"

"सदूचं. आम्ही उठून गेलो तं तो डुकराईत बसला होता. बायाईनं पाह्यलं पुढचं, पर एक सांगते बापानं झोडपलं, एक सांगते वाटेतच मेला. माही बायको म्हणते घरी आला, पर धरणीकंप झाला. पाच वर्षं झाली, आमचे गडी अजून भांडून राह्यले."

प्रभाकरराव आत गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. रीळ उलगडून त्याच्या मांडीवर ठेवली. जंगूनं फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, बरंच लांबपर्यंत.

"हे आमच्यापायी?"

"जंगू, मले दुपारपासून माहीत होतं." ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत होते. "साहेबानं मले सांगितलं होतं. म्या हो म्हटलं. म्या कोणालेच सांगितलं नाई. लय भ्यालो होतो, बापा."

सुलोचनाबाईच्या हातातली कपबशी तशीच राहिली. तिला हे आजच कळत होतं. धुरपता मात्र पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. 'मले नाई माहीत' म्हणता म्हणता तुमचं तोंड चुन्यावानी झालतं. पर बत्ती तं नाई लावली नं तुम्ही." आणि जंगूकडं वळून, "पोरीले घे, ते फिल्म तोंडात घालून राह्यली."

जंगू म्हणाला, "तं मंग आमच्या गावात काढा नं शेवट. पंगतीले आम्ही बसतो."

काढला. बाप म्हणून धुरपताचे मामा धुऱ्यावर उभे राहिले. पहिल्या रिळात एक बाप आणि दुसऱ्यात दुसरा, असं कसं चालेल, याची प्रभाकररावांना काळजी. सुलोचनाबाईनं ती निकाली काढली. त्या जागी ती माईकवर सांगायची, "वाट पाहून पाहून माणसाचं तोंड बदलते," आणि कुणी कधी शंका काढली नाही.

पंगत शाळेच्याच मैदानात मांडली. साठ गडी बसले, पुढ्यात पत्रावळी, जंगूच्या मांडीवर त्याची पोरगी. प्रभाकररावांनी चावी दिली, कॅमेरा सुरू केला. घास उचलले गेले आणि तेवढ्यात आमराईकडून इंजिनाची घरघर आली.

साठच्या साठ हात तोंडाशी थांबले. साठ माना रस्त्याकडं वळल्या. जंगूनं फक्त पोरगी छातीशी ओढून धरली. प्रभाकररावांचंही काळीज तोंडाशी आलं, पण डोळा कॅमेऱ्याला होता आणि बोट बटणावर, ते काही त्यांनी सोडलं नाही. एक लाकडाचा ट्रक धूळ उडवत निघून गेला. मग हळूहळू हात खाली आले, आणि मामा ओरडले, "खा बे, खा!"

"पुन्हा घ्यायचं का?" सुलोचनाबाईनं विचारलं.

"नाई," प्रभाकरराव म्हणाले.

तो तुकडा तसाच सिनेमात आहे, फक्त पंगतीतून काढून सदू येण्याच्या आधी जोडलेला. साठ माणसं जेवता जेवता थांबून रस्त्याकडं पाहताहेत, आणि लगेच पुढच्या चित्रात सदू रस्त्यानं येतो. पाहणाऱ्यांना वाटतं, सगळं गाव त्याचीच वाट पाहत होतं. लोक विचारायचे, वाघमारे, अडाण्यांकडून असं काम करून कसं घेतलंत हो? प्रभाकरराव नुसते हसायचे. त्या जागी सुलोचनाबाई आणि धुरपता दोघीही काही बोलायच्या नाहीत, मशीन तेवढं घरघरत राहायचं. आणि रीळ बदलताना प्रभाकररावांनी पुढं कुठल्याच गावात बत्ती लावली नाही. लोक अंधारात कुरकुर करायचे. ते चाचपडत, घाबरत घाबरत, पण नीट वेटोळं ठेवून रीळ लावायचे.